कठीण तितके टिकाऊ?

नाशिकहून आग्र्याच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. पंचक्रोशीत या गावाला अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि द्राक्षबागांच्या या मुलखात मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. २००४ पासून येथे सुखोई-३० विमाने बनू लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि त्यानंतर तीन आठवड्यांतच, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने आकाशात झेप घेतली. हवाई दलाचे विमानदुरुस्ती केंद्रही ओझरलाच आहे. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत ॲल्युमिनियम हा पुस्तकातला धडा नसून रोजच्या कामाचा विषय आहे.

अशा या गावातल्या एका शाळेत धातूंविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हाला आला. बोलणे संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने वर्तमानपत्राचे एक कात्रण पुढे केले. नॅनो-ॲल्युमिनियम नावाचा नवा पदार्थ पोलादापेक्षा कठीण आहे, तो गंजत नाही आणि उद्याची विमाने त्याचीच बनतील, असा त्यातील मजकुराचा सारांश होता. ती म्हणाली, “सर, आमच्या पुस्तकात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो म्हणून ते सुरक्षित राहते असे दिले आहे. माझे बाबा विमानांचे पत्रे तपासतात. ते म्हणतात, आमचे निम्मे काम गंज शोधण्याचेच आहे. आणि या कात्रणात तर गंजाचा प्रश्न आता मिटलाच असे लिहिले आहे. यातले खरे कोणते? आणि हे खरे असेल तर बाबांचे काम राहील का?”

त्या वेळी आम्ही घाईघाईत एक उत्तर दिले. ते अपुरे होते हे परतीच्या वाटेवरच जाणवले. बाबांचे म्हणणे पूर्ण खरे होते. पुस्तक आणि कात्रण अर्धे खरे होते. आणि हा अर्धेपणा पुढे आमच्यासारख्या संशोधकांपर्यंत येऊन पोचतो. म्हणून या तीनही प्रकारच्या लेखनाची एकेक करून तपासणी करावी, असे ठरवले.

पहिले विधान: ॲल्युमिनियम गंजत नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात धातुविज्ञानाचे प्रकरण आहे. त्यात क्षरण, धनाग्रीकरण आणि मिश्रधातू तयार करणे या गोष्टी येतात. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो, हे अगदी बरोबर आहे. पण हा थर किती जाड असतो? अवघा दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे अणूंच्या जेमतेम दहा-पंधरा रांगा. एवढ्या पातळ पापुद्र्यावर सारी भिस्त असेल, तर तो कुठे आणि कशाने फाटतो हे विचारायलाच हवे. मुलांना हा प्रश्न आपण विचारू देत नाही, ही आमची पहिली तक्रार आहे.

उत्तर वर्गात सहज दाखवता येते. द्राक्ष बागायतदारांच्या घरी मोरचूद असतेच. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर मोरचूद विरघळवा आणि ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी सोडा. दहा मिनिटे वाट पाहिली तरी फारसे काही घडत नाही. आता त्यात चमचाभर मीठ टाका. थोड्याच वेळात पट्टीवर बुडबुडे येऊ लागतात, पेला गरम होतो, पट्टीला भोके पडतात आणि तळाशी तांबूस गाळ जमतो. हा गाळ तांब्याचा. ॲल्युमिनियम मुळात तांब्यापेक्षा कितीतरी क्रियाशील आहे. ऑक्साइडच्या थराने ही क्रिया रोखून धरली होती आणि मिठातील क्लोराइडने तो थर जागोजागी फोडला. (प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. डोळ्यांना चष्मा हवा. हायड्रोजन बाहेर पडतो म्हणून जवळ ज्योत नसावी. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि उरलेले द्रावण विहिरीजवळ ओतू नये.)

बागायतदारांच्या मुलांना यातले निम्मे आधीच ठाऊक असते. बोर्डो मिश्रण धातूच्या भांड्यात करत नाहीत. त्यात चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला लोखंडी सळई किंवा विळा बुडवतात आणि पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात. घरचे हे ज्ञान आणि पुस्तकातील क्षरण यांची गाठ आपण वर्गात घालून देत नाही.

विमानाच्या पत्र्यात हेच तांबे बाहेरून टाकावे लागत नाही. ते आतच असते. आणि इथून दुसरे विधान सुरू होते.

दुसरे विधान: मिश्रधातू अधिक कठीण व टिकाऊ असतो

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. हिऱ्याच्या छोट्या पिरॅमिडने ठरावीक भार देऊन धातूवर खूण उमटवायची आणि तिच्या आकारावरून कठिणता काढायची, ही विकर्स पद्धत. तिच्यानुसार शुद्ध, मऊ केलेल्या ॲल्युमिनियमची कठिणता साधारण २० ते २५ भरते. त्यात चार-साडेचार टक्के तांबे, दीड टक्का मॅग्नेशियम आणि थोडे मँगनीज घातले की २०२४ क्रमांकाचा मिश्रधातू होतो आणि योग्य संस्कारानंतर त्याची कठिणता १४० च्या आसपास जाते. सोव्हिएत विमानांत वापरला जाणारा डी-१६ हा याचाच भाऊबंद. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे असलेला ७०७५ हा मिश्रधातू तर १७५ पर्यंत पोचतो.

पुस्तके येथे घटकांची टक्केवारी देऊन थांबतात. मुलांची समजूत अशी होते की टक्केवारीवरून गुणधर्म ठरतात. पण ‘योग्य संस्कारानंतर’ या दोन शब्दांतच सारे रहस्य आहे. लोहाराला हे चांगले कळते. कोयता कितीही चांगल्या पोलादाचा असो, त्याला पाणी दिले नाही तर धार टिकत नाही. तापवणे, थंड करणे आणि पुन्हा तापवणे या क्रियांना आपण उष्णता-संस्करण म्हणू. कारखान्यात त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात.

ॲल्युमिनियमची तऱ्हा मात्र पोलादाहून निराळी आहे. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी १९०६ च्या सुमारास तांबे व मॅग्नेशियम असलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले. पोलाद असे विझवले की लगेच कठीण होते. हा मिश्रधातू मऊच राहिला, पण काही दिवसांनी पुन्हा मोजल्यावर त्याची कठिणता आपोआप वाढलेली आढळली. सूक्ष्मदर्शकात काहीही बदल दिसत नव्हता. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने याचा पुरावा दिला. तापवल्यावर तांब्याचे अणू ॲल्युमिनियममध्ये विरघळतात. झटकन थंड केल्यावर ते आतच अडकून पडतात आणि मग हळूहळू एकत्र येऊन चकतीसारखे पुंजके करतात. हे पुंजके जाडीला अणूंच्या एक-दोन थरांचे आणि व्यासाला काही नॅनोमीटरचे असतात.

पुंजक्यांनी धातू कठीण का होतो? जड सतरंजी सरकवायची असेल तर आपण ती सगळी एकदम ओढत नाही. एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेतो. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतूनही अशाच सुरकुत्या सरकतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. सतरंजीवर जागोजागी पाट मांडून ठेवले तर सुरकुती अडते. पुंजके हे ते पाट.

म्हणजे ज्या नॅनो-रचनेला कात्रण उद्याचा चमत्कार म्हणते, ती विमानाच्या पत्र्यांत कितीतरी दशके काम करते आहे. ओझरला बनलेल्या विमानांच्या पत्र्यांतही ती होती. विमान-कामगारांना ती अनुभवाने ठाऊक असते. विझवलेले २०२४ जातीचे रिव्हेट ठोकण्याआधी शीतपेटीत ठेवतात, कारण बाहेर राहिले तर ते काही तासांतच कठीण होऊन ठोकताना तडकू लागतात. शीतपेटीत अणूंची हालचाल मंदावते. अणूंच्या हालचालीवर तापमानाचा परिणाम शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही, पण शाळेच्या पुस्तकात ते आमच्या पाहण्यात आलेले नाही.

आता टिकाऊपणाचे पाहू. ज्या तांब्याने कठिणता दिली, तेच क्षरणाला वाट करून देते. तांबे एकत्र जमलेल्या जागा आणि तांबे कमी झालेल्या जागा यांच्यात खारट ओलाव्यामुळे लहान लहान विद्युतघट तयार होतात. पेल्यात घडले तेच पत्र्याच्या आत, फार हळू आणि नजरेआड घडते. स्फटिककणांच्या सीमांवरून क्षरण आत शिरते. वरून पत्रा ठीक दिसतो आणि आत तो पोखरलेला असतो. म्हणूनच १९२७ च्या सुमारास अशा पत्र्यांवर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचे पातळ आवरण चढवण्याची युक्ती निघाली. आत कठीण आणि वर क्षरणाला दाद न देणारा, अशी ही कामाची वाटणी आहे. एकाच धातूला दोन्ही कामे जमत नव्हती, याचीच ती कबुली होती.

७०७५ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. विझवल्यानंतर हा मिश्रधातू १२० अंश सेल्सियसला सुमारे २४ तास ठेवला की त्याची ताकद कमाल पातळीवर येते. पण याच अवस्थेत, ताण आणि ओलावा एकत्र आले की त्याचे जाड भाग भेगाळतात. उपाय म्हणून त्याला पुढे १७५ अंशांच्या आसपास आणखी तापवतात. पुंजके मोठे होतात, ताकद १० ते १५ टक्क्यांनी उतरते आणि भेगांना होणारा विरोध मोठ्या प्रमाणात वाढतो. टक्केवारी तीच, धातू तोच. फक्त भट्टीतील तापमान आणि तास बदलले. विमान बांधणाऱ्यांनी कित्येक भागांसाठी कमाल कठिणता जाणूनबुजून सोडून दिली. घटकांचा तक्ता पाठ करून हे कधीही समजणार नाही.

हा केवळ प्रयोगशाळेचा वाद नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एकोणीस वर्षे वापरलेल्या बोइंग-७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग उडत्या विमानातून निखळला. एक हवाई सेविका प्राणास मुकली. समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेत लहान लहान फेऱ्या करणाऱ्या या विमानाच्या पत्र्यांचे सांधे क्षरणाने सुटले होते आणि रिव्हेटच्या भोकांपासून भेगा वाढल्या होत्या. तपासणीत त्या वेळीच लक्षात आल्या नाहीत. पत्रे तपासणाऱ्या त्या बाबांच्या कामाचे मोल यावरून कळावे.

तिसरे विधान: नॅनो म्हणजे अधिक कठीण आणि गंजमुक्त

कात्रणातील पदार्थ वेगळा होता. त्यात पुंजके नव्हे, तर धातूचे स्फटिककणच नॅनोमीटरच्या मापाचे असतात. नेहमीच्या धातूत एक कण सुमारे ५० मायक्रोमीटरचा असतो असे धरू. १९५१ साली हॉल आणि १९५३ साली पेच यांनी दाखवले की कण जितके लहान तितका धातू बळकट, आणि ही वाढ कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. कण ५० मायक्रोमीटरवरून ५० नॅनोमीटर केला, म्हणजे हजारपट लहान केला, तर कणसीमांमुळे मिळणारे बळ हजाराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ३२ पट होईल. हे गणित नववी-दहावीची मुले करू शकतात. मात्र कण दहा-वीस नॅनोमीटरच्याही खाली गेले की हा नियम ढासळतो, हेही सांगावे.

तेव्हा ‘अधिक कठीण’ हा दावा खरा आहे. पण ‘पोलादापेक्षा’ म्हणजे कोणत्या पोलादापेक्षा? साध्या बांधकामाच्या पोलादाची कठिणता १२० ते १३० असते. १७५ चा जुना ७०७५ त्याला केव्हाच मागे टाकून बसला आहे. कानशीच्या पोलादाची कठिणता मात्र ७०० च्या वर असते. तुलना कशाशी, हे न सांगता केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

आता गंजाचा दावा. नॅनोस्फटिकी ॲल्युमिनियम करण्याची एक पद्धत म्हणजे धातूची भुकटी पोलादी गोळ्यांसह बंद डब्यात तासन्तास जोरात घुसळणे. (ॲल्युमिनियमची बारीक भुकटी स्फोटक असते. हा प्रयोग शाळेत मुळीच करू नये.) या घुसळणीत एक विशेष लाभ होतो. क्रोमियम नेहमीच्या ॲल्युमिनियममध्ये फारच थोडे विरघळते. वितळण्याच्या जवळच्या तापमानालाही वजनाने टक्काभरापेक्षा कमीच. घुसळून मात्र त्याच्या कितीतरी पट क्रोमियम आत कोंडता येते. असे ॲल्युमिनियम कठीणही असते आणि खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडायला जास्त विद्युतदाब लागतो. कठिणता आणि क्षरणरोध दोन्ही एकदम वाढले, ही खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिचे श्रेय संशोधकांना दिले पाहिजे.

पण याचे श्रेय ‘नॅनो’ला द्यायचे की कोंडलेल्या क्रोमियमला? कण लहान केल्याने क्षरण कमीच होते असे सरसकट म्हणता येत नाही. परिस्थितीनुसार ते घटते किंवा वाढतेही. शिवाय डब्याच्या आणि गोळ्यांच्या झिजेतून लोखंडाचे कण मिसळले तर तेच क्षरणाची केंद्रे होतात.

खरी परीक्षा त्यापुढे आहे. हाती येते ती भुकटी. तिचा पत्रा किंवा सांधा करायचा तर ती दाबून शेकडो अंशांना तापवावी लागते. लहान कण म्हणजे पुष्कळ सीमा. दहा नॅनोमीटरच्या कणांत सीमेची जाडी एक नॅनोमीटर धरली, तर जवळजवळ ३० टक्के पदार्थ सीमांतच मोडतो. इतक्या सीमा म्हणजे साठवलेली ऊर्जा. उष्णता मिळताच कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ पाहतात आणि कोंडलेले क्रोमियम बाहेर पडून ॲल्युमिनियमशी संयुगे करू लागते. काही संयुगे कणांच्या सीमा अडवून धरतात, म्हणून कठिणता बरीच टिकते. पण विरघळलेले क्रोमियम घटल्यामुळे क्षरणरोध उतरणीला लागतो. म्हणजे उष्णता-संस्करणानंतर कठिणतेचा आकडा चांगला दिसेल आणि क्षरणाचा आकडा पडलेला असेल. दोहोंतला एकच आकडा छापणारा मजकूर वाचकाला फसवतो, मग त्यातले प्रत्येक वाक्य खरे का असेना.

येथे आम्हाला आमच्याकडेही बोट दाखवावे लागते. शोधनिबंधांत कठिणता मोजली जाते ती बहुधा नखाएवढ्या चकतीवर. पदार्थ किती ताणला जातो, वारंवार भार दिल्यावर भेग किती वेगाने वाढते, हे त्या आकाराच्या नमुन्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून ते राहून जाते. नॅनोस्फटिकी धातू पुष्कळदा तुटण्यापूर्वी फारच थोडे ताणले जातात, ही त्यांची मोठी उणीव. क्षरणाचे मापन साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात तास-दोन तासांत उरकते. विमान मात्र तीस-चाळीस वर्षे ऊन, पाऊस आणि खारी हवा सोसते. असे निबंध आम्हीही लिहिले आहेत. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदात ‘विमानोद्योगात उपयुक्त’ असे शब्दही घातले आहेत. वार्ताहर तेवढेच उचलतो आणि तो दोष एकट्या वार्ताहराचा नसतो.

मग शिकवायचे काय?

आमची सूचना साधी आहे. कोणत्याही नव्या पदार्थाचा दावा वाचताना मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावे. कशाच्या तुलनेत? किती तापवल्यानंतर? कोणत्या पाण्यात आणि किती काळ? त्याबरोबर एक चौथाही जोडावा: हा गुण मिळवताना कोणता गुण खर्ची पडला? मिश्रधातूंच्या धड्यात टक्केवारीच्या तक्त्याशेजारी ‘संस्कार’ असा एक रकाना फळ्यावर आखला तरी पुष्कळ काम होईल. जवळच्या लोहाराला वर्गात बोलवावे. ओझरसारख्या गावात तर निवृत्त विमान-कामगार घराघरात आहेत. रिव्हेट शीतपेटीत का ठेवत, हे त्यांच्याच तोंडून मुलांनी ऐकावे.

त्या मुलीला आम्ही नंतर पत्राने सविस्तर उत्तर पाठवले. पुस्तकातला थर खरा आहे, कात्रणातली कठिणता खरी आहे, पण दोघांनीही पुढची हकीकत सांगितलेली नाही, असे लिहिले. नवा पदार्थ उद्या विमानात आला तरी तो कुठे, कसा आणि किती दिवसांनी गंजतो हे कोणीतरी पत्र्याजवळ जाऊन पाहावेच लागेल, हेही लिहिले. तिचे उलट पत्र आले. वडिलांच्या मदतीने तिने मोरचुदाचा प्रयोग दोन पट्ट्यांवर केला होता, एक साधी आणि एक रंग दिलेली. रंगाच्या पट्टीवर तिने मुद्दाम एक ओरखडा काढला होता. भोक बरोबर ओरखड्यावरच पडले.

हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहावा. मिठाचे प्रमाण बदलले तर किती फरक पडतो, याच्या नोंदी आम्हाला जरूर कळवाव्यात.